पिस्तुलाच्या फ्रंट साईटचा काळेपणा उडाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालेवाडीच्या रेंजवर आणि पुण्यातल्या क्लबांमध्ये सराव करणारे नेमबाज, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आई-वडील, हे प्रश्न सतत पाठवतात. पावसाळ्यात त्यांचा ओघ वाढतो. बहुतेक प्रश्न १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल असतात, म्हणून उत्तरंही मुख्यतः त्याच अंगाने दिली आहेत. परवान्याच्या पिस्तुलांसाठी प्रश्न १६ आणि १७ आधी वाचा.

१. फ्रंट साईटचा रंग थोडासा उडालाय. त्याने स्कोअरवर खरंच फरक पडतो का?

कुठून उडालाय, त्यावर आहे. नेम धरताना आपल्याला फ्रंट साईटची, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या उभ्या चौकोनी पट्टीची, एकच बाजू दिसते, डोळ्याकडची. त्या बाजूच्या तीन कडा, म्हणजे वरची, डावी आणि उजवी, यांच्या जोरावर सगळी नेमबाजी चालते. पुढच्या बाजूचा किंवा बुडाचा रंग गेला तर गंज धरू नये एवढंच पाहायचं, नेमाला त्याने काही होत नाही.

वरची कड चकाकायला लागली की मात्र गडबड सुरू होते. हॉलमधला प्रकाश वरून येतो. उघड्या पडलेल्या धातूवर तो चमकतो आणि ती चमक मागच्या पांढऱ्या टार्गेटमध्ये मिसळून जाते. डोळ्याला साईट आहे त्यापेक्षा बुटकी दिसते. मग हात नकळत ती वर उचलून बॅकसाईटच्या (मागच्या, खाच असलेल्या साईटच्या) रेषेत आणतो आणि पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाचा छर्रा, वर जातं. डाव्या खिडकीतून ऊन येत असेल आणि डावी कड चमकत असेल तर काळा भाग उजवीकडे सरकल्यासारखा दिसतो. आपण तो खाचेच्या मधोमध आणायला जातो, खरी साईट डावीकडे जाते आणि ग्रुपही (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) तिकडेच सरकतो.

आकड्यांत पाहा. एअर पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर साधारण ३६ सेंटिमीटर धरलं, तर पुढच्या टोकाला ०.१ मिलिमीटरची चूक १० मीटरवर पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास होते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी रिंग ८ मिलिमीटरवर असते. म्हणजे केसाएवढ्या चमकेने रिंगचा एक तृतीयांश भाग गेला. पात्रता फेरीत पूर्णांकात गुण मिळतात तेव्हा काठावरचा दहा नऊ होतो. फायनलला दशांशात गुण असतात, तिथे तर प्रत्येक शॉटला किंमत मोजावी लागते.

२. साईट धूसर, करडी दिसते. रंग गेलाय की माझे डोळेच थकलेत, हे कसं ओळखायचं?

घरी ट्यूबलाइटखाली भिंतीवर कोरा पांढरा कागद लावा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून (प्रश्न ४) नेहमीच्या पवित्र्यात उभं राहा आणि कागदावर साईट धरा. आता घरातल्या कोणाला तरी साईटवर हाताच्या पंजाने सावली धरायला सांगा. सावलीत कडा एकदम रेखीव झाल्या, तर दोष साईटवरच्या चमकेचा. सावलीतही तशाच धूसर राहिल्या, तर डोळे तपासून घ्या, आणि तपासताना डॉक्टरांना सांगा की तुम्हाला हात लांब केल्यावर येणाऱ्या अंतरावरचं स्पष्ट दिसायला हवंय. वाचायच्या चष्म्याचा नंबर त्या अंतराला लागू पडत नाही. चाळिशीनंतर नेमबाजी सुरू केलेल्यांनी साईट रंगवण्याआधी ही तपासणी करावीच.

नंतर भिंगातून पाहा. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग असेल तर उत्तम. झिजलेल्या साईटवर वरच्या कडेला एक बारीक रुपेरी रेघ दिसते, आणि ती कोपऱ्यांवर जाड होते, कारण बॅगेतला फोम, पुसायचं फडकं आणि बोटं तिथेच आधी घासतात. ती रेघ दिसली की पुढचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत.

३. साईट कशाची आहे, हे कळणं इतकं महत्त्वाचं का?

कारण पोलादाला काळं करणारं रसायन ॲल्युमिनियमवर चालत नाही आणि प्लास्टिकवर तर असल्या कोणत्याच रसायनाचा उपयोग शून्य. बाटली उघडण्याआधी लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. चिकटला नाही आणि ओरखड्यातून पांढरट चमक दिसते, तर बहुधा ॲल्युमिनियम (काही स्टेनलेस स्टीलही चुंबकाला दाद देत नाही). ओरखड्याच्या आतही काळंच दिसत असेल तर प्लास्टिक. पिस्तुलाबरोबर आलेल्या पुस्तिकेत सुट्या भागांची यादी असते, तीही पाहून घ्या.

४. काम सुरू करण्याआधी काय काय काढून ठेवायचं?

एअर पिस्तूल असेल तर पेलेट नाही हे पाहा, सिलिंडर फिरवून काढा आणि सुरक्षित दिशेला धरून पिस्तुलात उरलेली हवा सोडा. सिलिंडर दुसऱ्या खोलीत ठेवा. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो. त्याच्या आसपास ज्योत, हेअर ड्रायर, ॲसिटोन यातलं काहीही नको.

साईट स्क्रूवर बसवलेली असेल तर ॲलन कीने सोडवून वेगळी काढणं सगळ्यात चांगलं. काढण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, कारण काही साईट उलट्याही बसतात आणि मग दिवसभर ग्रुप का हलला हे कळत नाही. काही पिस्तुलांत साईट फिरवून रुंदी बदलायची सोय असते. तसं असेल तर कोणती रुंदी वर होती तेही लिहून ठेवा.

खाचेत ठोकून बसवलेली साईट घरी ठोकून काढू नका. आजूबाजूला मास्किंग टेप लावून जागेवरच काम करा.

५. उद्याच मॅच आहे. पटकन काय करू?

काळा पर्मनंट मार्कर. साईटवरचं तेल आधी पुसून घ्या, नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. डोळ्याकडच्या बाजूवर एक पातळ हात, वाळू द्या, मग दुसरा. जाड हात दिला तर शाईला जांभळट झाक येते आणि ती प्रकाशात चमकते, म्हणजे केलेलं वाया. वरच्या कडेवर मार्करचं टोक आडवं ठेवून फक्त ओढायचं, दाबायचं नाही. हे एक-दोन सरावांत निघून जातं. त्यात बिघडण्यासारखं काही नसल्याने नवशिक्यांना मी आधी हेच करायला सांगतो, आणि पुष्कळांना पुढे आणखी काही करावंच लागत नाही.

साईट काळी करायचा खास स्प्रेही मिळतो. तो अगदी मऊ, बिनचमकीचा काळा थर देतो आणि पुसला की जातो. तो पिस्तुलावर सरळ मारू नका. बॅकसाईटचे स्क्रू आणि नळीचं तोंड झाकून घ्या. पण मॅचच्या आदल्या रात्री पहिल्यांदाच वापरायची ही वस्तू नव्हे.

६. आमचे जुने सर सांगतात, साईटला कापराची काजळी धरा. ते अजून चालतं का?

चालतं, आणि त्याच्याइतका गडद, मखमली काळेपणा दुसऱ्या कशाने येत नाही हे मान्यच करायला हवं. काजळीचे कण इतके बारीक आणि मोकळे असतात की आलेला प्रकाश त्यांच्यातच जिरतो. जुने फौजी आणि पोलीस नेमबाज उन्हातल्या रेंजवर हेच करत आले. परदेशात कार्बाइडच्या दिव्याचा धूर वापरायचे, आपल्याकडे कापूर घरोघरी होताच.

करायचं असेल तर असं करा. साईट पिस्तुलावरून काढलेलीच हवी, धातूचीच हवी आणि तिच्यावर तेल नको. मंडईत मिळतो तो पूजेच्या कापराचा छोटा तुकडा स्टीलच्या झाकणात पेटवा. साईट लांब चिमट्यात बुडाकडून धरा आणि ज्योतीच्या टोकाच्या वर, जिथे धूर काळा दिसतो तिथे, डोळ्याकडची बाजू खाली करून हळूहळू फिरवा. ज्योतीत धरू नका, धातू तापवायचा नाहीये. काही सेकंदांत बाजू अशी काळी होते की कडेशिवाय काही दिसत नाही. गार होऊ द्या आणि मग त्या बाजूला बोट लावू नका.

अडचण पुढेच आहे. बोट लागलं की काजळी निघते, बॅगेतल्या फोमला लागते, आणि रेंजच्या हॉलमध्ये कापूर पेटवणं अर्थातच शक्य नाही. सिलिंडरजवळ, काडतुसांजवळ किंवा प्लास्टिकच्या साईटवर तर अजिबात नाही. म्हणून शाळेतल्या मुलांना मी ही पद्धत सुचवत नाही. उघड्या रेंजवर भर उन्हात सराव करणाऱ्या मोठ्या माणसांनी एकदा जरूर करून पाहावी. साईट खरोखर काळी असली म्हणजे कशी दिसते ते त्यातून कळतं, आणि बाकीचे उपाय त्याच्याशी ताडून पाहता येतात.

७. कोल्ड ब्ल्यू घरी कसं लावायचं? नीट सांगा.

हे फक्त पोलादासाठी, हे आधी लक्षात घ्या (प्रश्न ३). कोल्ड ब्ल्यूमध्ये सेलेनियम आणि तांब्याची संयुगं असतात. पोलादाच्या पृष्ठभागाशी त्यांची प्रक्रिया होऊन गडद थर बसतो. ही संयुगं विषारी आहेत. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका आणि मुलांच्या हातात बाटली देऊ नका.

सगळं यश तेल काढण्यावर अवलंबून आहे. जिथे बोटाचा ठसा राहिला तिथे डाग राहणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे बोर्ड साफ करायला जे ‘आयपीए’ म्हणून मिळतं तेच. औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कधी कधी इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्यांचा पातळ थर मागे राहतो. साईटच्या मागच्या बाजूला बारीक आडव्या रेघा कोरलेल्या असतील तर कानकाडीचा कापूस आत पोचत नाही, मऊ टूथब्रश घ्या.

साईट हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेल इतपत गरम करा. कानकाडीवर थोडं रसायन घेऊन डोळ्याकडच्या बाजूवर एका दमात फिरवा. थांबून थांबून लावलं तर पट्टे दिसतात. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, साधारण अर्धा ते एक मिनिट असतो. मग पाण्याने धुवा, कोरडं करा आणि चार शून्याच्या स्टील वूलने अगदी हलका हात फिरवा, तोही सपाट भागावरच. कडांना स्टील वूल लावायचं नाही. हेच दोन-तीनदा केलं की राखाडी रंग काळ्याकडे झुकतो. शेवटी तेलाचा पातळ हात देऊन रात्रभर ठेवा.

सकाळी ते तेल डोळ्याकडच्या बाजूवरून पूर्ण पुसा. हे इतक्या वेळा विसरलं जातं की वेगळं लिहावं लागतंय: तेलकट काळी साईट न रंगवलेल्या साईटपेक्षाही जास्त चमकते.

लावल्यावर लालसर तांबूस झाक आली तर एकतर तेल राहिलं होतं किंवा रसायन जास्त वेळ राहिलं. स्टील वूलने काढून पुन्हा करा.

८. कोल्ड ब्ल्यू किती टिकतं? कारखान्यातल्या रंगासारखं का नाही टिकत?

कारखान्यात पोलादाला काळं करतात ते कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सियसला उकळणाऱ्या द्रावणात. तिथे पोलादाचाच पृष्ठभाग काळ्या ऑक्साईडमध्ये बदलतो. कोल्ड ब्ल्यूचा थर वरवरचा आणि मऊ असतो. रोज फोममध्ये ढकललेल्या साईटवरून तो काही आठवड्यांतच कडेने जायला लागतो. म्हणून कोपऱ्यावरच्या छोट्या ठिपक्यांसाठी तो छान. संपूर्ण साईट उघडी पडली असेल तर प्रश्न ११ आणि १३ पाहा.

९. साईट ॲल्युमिनियमची आहे. तिच्यावर तेच रसायन लावलं तर?

काही होणार नाही, झालंच तर घाणेरडा डाग पडेल. ॲल्युमिनियमवरचा मूळ काळा रंग ॲनोडायझिंगचा असतो. त्यात विजेच्या साहाय्याने कठीण ऑक्साईडचा सच्छिद्र थर तयार करून त्यात रंग मुरवतात. घरी त्याची बरोबरी होत नाही. ॲल्युमिनियम काळं करायचं वेगळं रसायन मिळतं, ते ओरखड्यापुरतं चालतं, आणि लावायची रीत प्रश्न ७ सारखीच, पण स्टील वूल अजिबात नको. माझं मत विचाराल तर ॲल्युमिनियमवर मार्कर किंवा मॅट रंगच सोपा.

१०. आणि प्लास्टिकची?

प्लास्टिक आरपार काळंच असतं, त्यामुळे उडण्यासारखा रंग नसतो. गुळगुळीत होऊन चमकायला लागतं एवढंच. मार्करचा हात द्या. ॲसिटोन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, प्लास्टिक विरघळतं आणि कड गेली की गेली. नवी साईट मागवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं.

११. मुलीची काळी नेलपॉलिश आहे घरात. किंवा स्प्रे पेंट? चालेल का?

साधी नेलपॉलिश चमकते, म्हणून नको. शिवाय ती वाळताना कोपऱ्यांवर गोळा होते आणि चौकोनी साईटची डोकी गोल दिसायला लागतात. नेमबाजाला हवी असते धारदार चौकट, तीच जाते.

रंगच द्यायचा असेल तर मॅट काळा ॲक्रिलिक घ्या. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत तो मिळतो. थोडं पाणी घालून दुधाइतका पातळ करा, बारीक ब्रशने फक्त डोळ्याकडच्या बाजूवर लावा आणि ब्रश नेहमी मधून कडेकडे ओढा, म्हणजे कडेवर थेंब थांबत नाही. दोन पातळ थर पुरतात. चुकलं तर ओला असतानाच ओल्या कापसाने पुसा.

स्प्रे पेंट चांगला बसतो, पण साईट काढूनच मारायचा, आणि बाकीच्या बाजूंना टेप लावून. थर लांबून आणि झटपट द्या. जवळून मारला की ओघळ आलाच.

१२. आधी पॉलिश पेपरने घासून साफ करू का?

नको. याबाबतीत मी हट्टी आहे. पॉलिश पेपरने उरलेला रंग जाईलच, पण त्याबरोबर कडही गोल होईल, आणि गोल झालेली कड कोणत्याही रंगाने परत येत नाही. गोल कडेवर एक बारीक पट्टा नेहमी वरच्या प्रकाशाकडे तोंड करून राहतो, त्यामुळे काळी केली तरी ती रेघ दिसत राहते. कानसीची तर गोष्टच नको. उंची किती कमी झाली की नेम किती हलतो, त्याचं गणित प्रश्न १ मध्ये आहे. फ्रंट साईट बुटकी झाली की पेलेट वर जातं.

गंजाचे ठिपके असतील तर तेल लावून तासभर ठेवा आणि जाड सुती कापडाने किंवा तांब्याच्या मऊ ब्रशने हळूच काढा. खड्डा पडला असेल तर तो तसाच राहू द्या, काळा केला की दिसत नाही.

१३. भोसरीत ओळखीचं ब्लॅकोडायझिंगचं युनिट आहे. साईट तिथे देऊ का? पावडर कोटिंगवाला पण आहे शेजारी.

एअर पिस्तुलाची सुटी, पोलादी साईट असेल तर ब्लॅकोडायझिंग (प्रश्न ८ मधली गरम द्रावणाची पद्धत) हा खरोखर चांगला पर्याय आहे. मूळ पोलादी साईटवर असतो त्याच जातीचा तो थर असतो आणि जाडी जवळजवळ वाढत नाही. मात्र तीन गोष्टी स्वतः सांगा. ‘शॉट ब्लास्ट (बारीक छर्रे मारून साफ) करू नका’, कारण त्याने कडा मरतात. ‘पॉलिश करू नका’, कारण आपल्याला मॅट हवंय. आणि तुकडा तारेला बांधून द्या, नाहीतर एवढीशी वस्तू टाकीच्या तळाशी जाऊन हरवते. साईट ॲल्युमिनियमची असेल तर देऊच नका, कॉस्टिकच्या गरम टाकीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पावडर कोटिंग नको. त्याचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो, दोन्ही बाजूंनी मिळून रुंदी ०.१२ ते ०.२ मिलिमीटरने वाढते. साडेचार मिलिमीटरच्या साईटच्या दोन्ही बाजूंना जो उजेड दिसायला हवा, तो तेवढा कमी होतो. शिवाय कोपरे गोल होतात ते वेगळंच.

परवान्याच्या पिस्तुलाचा कोणताही भाग मात्र असा कारखान्यात द्यायचा नाही. कारण प्रश्न १६ मध्ये.

१४. काळी केल्यावर नेम हलतो का? पुन्हा झिरो करायला (साईट फिरवून ग्रुप मधोमध आणायला) लागेल?

साईट जागेवरच ठेवून मार्कर किंवा कोल्ड ब्ल्यू केलं असेल तर धातूचं मोजमाप बदलत नाही. तरीही ग्रुप थोडा हललेला दिसू शकतो, कारण आता डोळ्याला खरी कड दिसतेय आणि आधी तुम्ही चमकेशी जुळवून घेतलेलं होतं. लगेच बॅकसाईटच्या क्लिक फिरवू नका. दोन-तीन सराव सत्रं त्याच उजेडात करा, ग्रुप एका जागी बसला की मग क्लिक.

साईट काढून पुन्हा बसवली असेल तर झिरो तपासायलाच हवा. स्क्रू जुन्याइतकाच आवळा. जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

१५. साईटवर काळी टेप किंवा श्रिंक ट्यूब चढवली तर? आणि लाल-हिरवा रंग दिला तर?

टेप आणि ट्यूब दोन्ही नको. आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलाला फक्त उघड्या साईट चालतात आणि त्यांच्यावर संरक्षक आवरण चालत नाही. उपकरण तपासणीत हे अडतं. त्याशिवाय टेपच्या जाडीने रुंदी बदलते आणि उन्हात गोंद सरकतो.

लाल-हिरवा रंग जवळच्या मोठ्या लक्ष्यावर झटकन साईट सापडावी म्हणून देतात. १० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक नेमबाज त्याच्या खालच्या पांढऱ्या भागावर साईट धरतात. पांढऱ्यावर काळ्याइतकी रेखीव कड कोणत्याच रंगाची दिसत नाही.

१६. माझं २५ मीटरचं .२२ पिस्तूल परवान्यावर आहे. त्याची साईट कोणाकडे द्यायची?

मार्करचा किंवा रंगाचा हात स्वतः द्या, तो रोजच्या निगेचाच भाग आहे. त्यापलीकडचं काम परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडेच. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि ‘शस्त्र’ या शब्दात सुटे भागही येतात. म्हणून ओळखीचा टर्नर किंवा प्लेटिंगवाला कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात द्यायचं नाही. देताना परवान्याची प्रत बरोबर ठेवा आणि पावती घ्या.

बॉडीवरच्या नंबराच्या जवळ कोणतंही रसायन, रंग किंवा पॉलिश पेपर जाऊ देऊ नका. ओळखक्रमांक खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि तो अस्पष्ट झाला तरी विनाकारण उत्तरं देत बसावं लागेल.

एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटर कॅलिबरचं आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीचं असेल, तर ते बाळगायला परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेची पिस्तुलं या मर्यादेच्या खूप आत बसतात.

१७. आजोबांचं जुनं परवान्याचं पिस्तूल आहे. साईटवरचा निळसर काळा रंग गेलाय. नव्यासारखं करून घेऊ?

करू नका. जुन्या शस्त्रावर मूळ रंगाची झीज ही त्याची ओळख असते, ताजा रंग चढवला की जाणकार खरेदीदार हात आखडतो. गंज थांबवायला तेल पुरे. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका. चामडं ओलावा धरतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. पुण्याच्या पावसाळ्यात असं म्यानातलं पिस्तूल उघडून पाहा, साईटच्या टोकावर, जिथे चामडं घट्ट बसतं, तिथेच पहिला तांबूस ठिपका दिसेल.

१८. साईटवर पांढरा ठिपका किंवा चमकणारी नळी आहे. तिच्याभोवती काळं कसं करू?

ठिपक्यावर मास्किंग टेपचा गोल तुकडा किंवा टूथपिकने लावलेला रबर सिमेंटचा थेंब ठेवा, बाकीचं मार्करने करा, मग थेंब सोलून काढा. फायबर ऑप्टिकची कांडी प्लास्टिकची असते, तिला अल्कोहोलही लावू नका. अंधारात आपोआप उजळणारी ट्रिटियमची साईट असेल तर आत काचेच्या कुपीत किरणोत्सारी वायू असतो. तिला उष्णता, टोकदार अवजार, कापराची ज्योत काहीही नको, आणि कुपीभोवतीच्या धातूवर मार्करपलीकडे जाऊ नका.

१९. दर दोन महिन्यांनी रंग पुन्हा उडतो. मुळात उडूच नये म्हणून काय करता येईल?

केस उघडून फोम पाहा. फ्रंट साईट जिथे टेकते तिथे फोम काळा आणि चकचकीत झालेला असेल. तेवढाच भाग ब्लेडने कापून खोल करा, म्हणजे साईट अधांतरी राहील. अर्धी झीज इथेच थांबते.

दुसरं कारण घाम. सराव संपला की मुलं पिस्तूल पुढून धरून केसमध्ये ठेवतात आणि अंगठा साईटवर येतो. घामातलं मीठ रात्रभर तिथे राहतं. मूठ धरूनच ठेवायची सवय लावा. जून ते सप्टेंबर केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दमट झाल्यावर बदला. रेंजवरून पावसात घरी आलात तर केस लगेच बंद कपाटात ढकलू नका. उघडून पंख्याखाली तासभर ठेवा. फोम दिसायला कोरडा असला तरी आतून ओल धरून राहतो.

पुसायचं फडकं साईटवरून आडवं ओढू नका. वरून खाली टिपून घ्या.

२०. दिल्लीला किंवा भोपाळला विमानाने स्पर्धेला जातोय. बरोबर काय न्यायचं?

दोन काळे मार्कर, कानकाड्या, छोटी ॲलन की आणि सुती कापडाचा तुकडा. ॲलन की चेक-इन बॅगेत टाका. ज्वालाग्राही रंगाचा किंवा साईट काळी करायचा स्प्रे विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. तिथे पोचल्यावर सरावाच्या दिवशी त्या हॉलच्या उजेडात साईट पाहा, प्रश्न २ मधली सावलीची चाचणी करा. लागेल तो मार्करचा हात उपकरण तपासणीच्या आधीच देऊन टाका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिस्तूल केसमध्ये ठेवू नका.